मधली रेघ

माझा धंदा सांगितला की लोक "अच्छा" म्हणतात आणि दोन घोट चहा झाल्यावर विचारतात, "म्हणजे नेमकं काय करता?" मी टेबलांना कडा लावतो. टेबल मी बनवत नाही, ते मिस्त्री बनवतात. फळी कापली की तिची बाजू उघडी पडते, आतला दाबलेला भुसा दिसायला लागतो. तो झाकायला बोटभर रुंदीची पट्टी चिकटवावी लागते, ती चिकटवणारा माणूस मी. तुम्ही आजवर शंभर टेबलांवर कोपरं टेकली असतील, पण पट्टीकडे एकदाही पाहिलं नसेल. आणि पाहिलं असेल तर ती निघाली होती म्हणून. म्हणजे माझं काम कुणाच्या डोळ्यांत भरतं ते बिघडल्यावरच, आणि तेव्हा लोक काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारखान्यात मला सगळे पट्टीवाले म्हणतात. आठवीत शाळा सुटली तेव्हा गणिताने माझा हात सोडला की मी गणिताचा, यावर आमच्या घरी दोन मतं होती. आई म्हणायची, "हा पोरगा सगळ्याच्या कडेकडेने जातो." खरंच आहे ते. घरातल्या एकूण एक फोटोंत मी टोकाला उभा आहे. दोन फोटोंत तर नुसता खांदा आलाय. आणि तो खांदा माझाच, हे मी सांगतो म्हणून.

आमच्या कारखान्यात 'कड घेणं' असा शब्द आहे. कड घेणं म्हणजे फळीच्या कडेने दोरी फिरवून किती पट्टी लागेल ते मोजणं. मिस्त्री ओरडतात, "पट्टीवाले, कड घेतली का?" बाहेरच्या जगात कड घेणं म्हणजे कुणाची तरी बाजू घेणं. पहिल्या अर्थाने मी बावीस वर्षांत हजारो कडा घेतल्या असतील. दुसऱ्या अर्थाने एकही नाही. दोन माणसांचा आवाज चढला की मला माझ्या चपला कुठे काढल्यात ते आठवायला लागतं.

आमच्याकडचा सगळ्यात खपणारा माल म्हणजे मोठ्या ऑफिसातलं बैठकीचं टेबल. मधला भाग सरळ, एकशे वीस सेंटीमीटर लांब, सत्तर रुंद. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा गोल. टेबल एकसंध केलं तर कुठल्याच जिन्यात वळत नाही, म्हणून तीन तुकड्यांत करतात. मधला आयत एक, अर्धगोल दोन. जागेवर नेऊन बोल्ट लावतात. आणि वाटेत फळीला ओल लागू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पट्टी लावायची, ही आमची रीत. जो भाग पुढे दुसऱ्या तुकड्याला भिडणार त्यालासुद्धा. सत्तरच्या अर्धगोलाला बाहेरून एकशे दहा पट्टी लागते हे मला तोंडपाठ होतं. का लागते, हे मात्र मी कधी विचारलं नाही. दोरी सांगायची, मी ऐकायचो. एकंदरीत माझा संसार दोरीशीच होता, आणि तो वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत सुखाने चालला.

चव्वेचाळीसाव्या वर्षी पट्टीची सुरी अंगठ्यात गेली. दवाखान्यात जी बाई जखमा बांधायला होती तिने माझा अंगठा धरला आणि विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "पट्ट्या लावतो." ती म्हणाली, "मीही." एवढ्यावर माणसाने लग्न करू नये असं मिस्त्रींचं मत आहे. मी मात्र त्या अंगठ्याची पट्टी बदलायला अकरा वेळा गेलो. जखम सहाव्या वेळीच भरली होती. पुढच्या पाच वेळा तिने भरलेल्या अंगठ्याला तितक्याच मन लावून पट्टी बांधली, तेव्हा माझ्यासारख्या मठ्ठ माणसालाही काहीतरी कळलं.

तिला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती. नवरा वारून चार वर्षं झाली होती. मुलगी अकरा वर्षांची, बारीक, सरळ भांग, आणि बघायची अशी की समोरच्याने आपले खिसे तपासावेत. पहिल्या भेटीला मी तिच्यासाठी रंगीत पेन्सिलींचा डबा नेला होता. तिने तो घेतला, आईकडे वळून म्हणाली, "आई, त्यांना थँक्यू सांग."

त्यांना! मी दोन हातांवर होतो.

लग्न झालं, आणि पुढची दोन वर्षं आमचं बोलणं असंच चाललं, व्हाया आई. "आई, ते जेवले का?" "आई, त्यांची छत्री दारात पडलीये." "आई, त्यांना सांग नळ बंद करायला." मी हुं की चूं न करता नळ बंद करायचो. माझ्याशी थेट बोलायची वेळ आलीच तर तुम्ही, आणि तेही भिंतीकडे बघून. काका नाही, मामा नाही, अहोसुद्धा नाही. अहो म्हणायला बायको होती, पण तिच्या अहोत ओलावा असायचा. पोरीच्या तुम्हीत सरकारी कचेरीतली खिडकी होती.

एकदा ती शेजारच्या मैत्रिणीशी बोलत होती आणि मी जिन्यात होतो. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण मुद्दाम पुढेही गेलो नाही. ती म्हणाली, "बाबा मला सायकलवर न्यायचा. उतारावर हात सोडायचा." न्यायचा. सोडायचा. न्यायचे नाही. तो तिचा एकेरी होता. आणि मी, या घरात एकटा माणूस असून, अनेकवचनी. व्याकरणात मी कच्चाच, पण त्या दिवशी एकवचनाची किंमत मला बरोबर कळली. बाबा ही तिच्या बाबाची जागा होती, ती मला नको होती, खरंच सांगतो. मला फक्त त्या 'ते'मधून बाहेर पडायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

म्हणून मी मला येतं तेच केलं. तिला अभ्यासाचं टेबल केलं. एक बाजू चौकोनी, एक बाजू अर्धगोल, म्हणजे पळताना कमरेला कोपरा लागायला नको. आमच्या इमारतीचा जिना अरुंद, म्हणून दोन तुकडे. आणि कारखान्याच्या रीतीप्रमाणे दोन्ही तुकड्यांना चारी बाजूंनी पट्टी. ती लावताना मी एवढा जीव ओतला की मिस्त्री म्हणाले, "पट्टीवाले, टेबल आहे, वधू नाही." घरी आणून जोडलं तर मधे फट राहिली. पट्टीला पट्टी भिडली की तेवढी राहतेच. मी हात फिरवून म्हटलं, "कसं झालंय?" पोरगी म्हणाली, "आई, त्यांना सांग छान आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलावर अभ्यासाला बसली. संध्याकाळी मी घरी आलो की माझं टेबल पुस्तकं ठेवायचा ओटा झालेलं असायचं. मी काही बोललो नाही. बोलायचं तर आईमार्फत बोलावं लागलं असतं.

आणि मग तो दिवस आला. बायकोची दुपारपाळी होती. मी कामावरून येऊन पाय धूत होतो. पोरगी स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात एक कागद, आणि प्रत्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला हे येतं का?"

घरात दुसरं कुणी नाही ना, याची मी मागे वळून खात्री करून घेतली.

"आई म्हणाली, तुम्ही रोज हेच करता."

कागदावर गणिताच्या बाईंनी दिलेले सरावाचे प्रश्न होते. पहिला असा: एक बाग आहे. मधला भाग आयताकार, लांबी एकशे वीस मीटर, रुंदी सत्तर मीटर. दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. बागेभोवती कुंपण घालायचं आहे, तर परिमिती काढा. आणि बाजूला आकृती. आकृती बघितली आणि मला हसूच फुटलं. हे तर आमचं बैठकीचं टेबल! सेंटीमीटरचे मीटर केले, बस. बाईंनी आमच्या कारखान्यात येऊन मोजल्यासारखं.

"परिमिती म्हणजे काय?" मी जरा दबकतच विचारलं.

"कडेची लांबी. सगळी मिळून."

"मग कड घ्यायची म्हण ना!" माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पुठ्ठा आणला, कात्री आणली, दोरी आणली. तीन तुकडे कापले आणि म्हटलं, "हे बघ, आधी तुकडे वेगळे. प्रत्येकाची कड घ्यायची. मधल्याची एकशे वीस, सत्तर, एकशे वीस, सत्तर. किती?"

"तीनशे ऐंशी."

"अर्धगोलाच्या बाहेरून एकशे दहा."

तिने कागदावर भराभर काहीतरी मांडलं. बावीस सप्तमांश, पस्तीस, वगैरे. "हो, एकशे दहा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "तुम्ही न करताच कसं सांगितलं?"

त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगलो असतो.

"आणि आतली सरळ बाजू सत्तर. म्हणजे एकशे ऐंशी. असे दोन, तीनशे साठ. सगळे मिळून सातशे चाळीस. झालं!"

ती थांबली. पेन्सिलीचं टोक आकृतीतल्या मधल्या रेघेवर ठेवलं. "मधली रेघपण धरायची?"

"अगं, मधली रेघच तर लोक विसरतात!" मी म्हणालो, आणि हे वाक्य मी कसं म्हटलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापतात. "तिथूनच तर ओल शिरते!"

"पण बागेत..."

"बाग काय, टेबल काय. कड ती कड. बावीस वर्षं करतोय मी."

तिने मान हलवली आणि लिहून घेतलं, सातशे चाळीस मीटर. मग उरलेले प्रश्नही आम्ही तसेच सोडवले. एकात तीन अर्धवर्तुळं होती, त्यांच्याही मधल्या रेघा मी एक न सोडता मोजायला लावल्या. ती म्हणाली, "परवा याच्यावर चाचणी आहे. पहिले दोघं शाळांच्या गणित स्पर्धेला जाणार." तिला ती स्पर्धा किती हवी होती हे मला बायकोकडून माहीत होतं. गेल्या वर्षी एका गुणाने तिसरी आली होती आणि आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती. माझ्याशी तर एरवीही बोलत नव्हती, म्हणून मला फरक कळला नव्हता इतकंच. मी म्हटलं, "जाशील गं. कड पक्की आहे तुझी." त्या संध्याकाळी जेवताना मी बायकोसमोर छाती काढून बसलो होतो. तिने विचारलंसुद्धा, पाठीत उसण भरलीये का म्हणून.

निकालाचा कागद आला तेव्हा मी घरीच होतो. वीसपैकी अकरा. कड घ्यायचे तिन्हीच्या तिन्ही प्रश्न चूक, लाल शाईची फुली मारून. पोरगी चौथी आली होती. आईने विचारलं, "अगं, हे तर तुला यायचं ना?" पोरगी दप्तराचा पट्टा नीट करत म्हणाली, "त्यांनी असंच शिकवलं." आवाज चढवला नाही, रडली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि मी तिच्या हातात ही दिली होती.

शहाण्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी भडकलो. "चूक बाईंची आहे!" मी म्हणालो. "ज्या बाईने आयुष्यात एक पट्टी चिकटवली नाही ती मला कड शिकवणार?" बायको म्हणाली, "अहो, जरा शांतपणे..." पण मी तर पहिल्यांदाच कुणाची तरी कड घ्यायला निघालो होतो, शांतपणा कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली आणि दोरी, पुठ्ठ्याचे तीन तुकडे असा सगळा दारूगोळा घेऊन शाळेत गेलो. गाठली ती नेमकी मधली सुट्टी. अख्खी शाळा मैदानात. गणिताच्या बाई व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या, हातात लाकडी पट्टी. बारीक अंगाच्या, शांत. पोरगी मैत्रिणींत उभी होती. मला पाहून तिचा चेहरा असा झाला की मी तिथूनच परतायला हवं होतं.

"या मुलीचे गुण कापलेत तुम्ही," मी वरच्या पट्टीत सुरुवात केली.

बाईंनी पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आपण मुलीचे कोण?"

एवढा सोपा प्रश्न. वडील म्हणावं तर ती तिथे उभी होती, आणि तिच्यासमोर मी ते म्हणणार नव्हतो. काका म्हणजे रस्त्यावरून जाणारा कुणीही. बाई वाट बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "मी... पट्टी लावतो."

"कुणाला?" बाईंनी हातातली पट्टी नकळत मागे घेतली.

"टेबलांना!"

आजूबाजूची चार पोरं फिदीफिदी हसली. मी घाईघाईने पुठ्ठे मांडले, दोरी फिरवली, सातशे चाळीस काढून दाखवलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुमचा हिशोब बरोबर आहे. फक्त तो तीन बागांचा आहे." मग कोपऱ्यातला खडू घेऊन मैदानाच्या फरशीवर ती आकृती काढली, चांगली दहा पावलं लांब. म्हणाल्या, "तुम्ही कुंपण घालणारे आहात असं समजा. बागेच्या बाहेरून एक फेरी मारा. जिथे जिथे पाय पडेल तिथे कुंपण."

मी म्हटलं, हे काय अवघड आहे. दोरीचं टोक बाईंच्या हातात दिलं आणि निघालो. सरळ बाजू चाललो. जिथे गोल सुरू होतो तिथे आलो आणि, देवाशपथ, पाय आपसूक आत वळला. बावीस वर्षांची सवय. मी त्या मधल्या रेघेवरून तालेवारासारखा बागेच्या पोटातून चालत पलीकडे निघालो.

सगळं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "काका, फुलं तुडवलीत!" बाईसुद्धा हसू दाबत म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर बागेत शिरलात. लोक आत कसे फिरणार? मधे दोन कुंपणं घातलीत तुम्ही."

मी त्या रेघेच्या बरोब्बर मधे उभा राहिलो. इकडे आयत, तिकडे अर्धगोल. एकच बाग. माझ्या पायाखाली काहीच नव्हतं, नुसता खडू. बाहेरून फेरी मारणाऱ्याला ती रेघ लागणारच नव्हती. एकशे वीस, एकशे दहा, एकशे वीस, एकशे दहा. चारशे साठ. पोरीने बोट ठेवून विचारलं होतं, मधली रेघपण धरायची? आणि बावीस वर्षं नाकाने कांदे सोलणारा मी तिला हो म्हणालो होतो.

तेव्हा गुपचूप निघून यावं एवढीही अक्कल मला आली नाही. बोलायला तोंड उघडलं तर आवाज मघाच्याच पट्टीत अडकलेला. "चूक माझी आहे!" मी मैदानभर ओरडलो. "हिला येत होतं! हिने विचारलं होतं मला, मधली रेघ कशाला म्हणून! मीच म्हटलं धर! मीच मूर्ख आहे, ही नाही!"

पोरं हसायची थांबली, हे जास्त वाईट होतं. बाई हळूच म्हणाल्या, "मला कळलं. पण पेपर तिने लिहिलाय, आणि नावं काल पाठवली. ते आता बदलता येणार नाही." मी पोरीकडे पाहिलं. ती आपल्या बुटांकडे बघत होती. घंटा झाली आणि ती वर्गात गेली. मी दोरी गुंडाळली. ती कमालीची लांब वाटली.

त्यानंतर घरात 'ते'सुद्धा बंद झालं. आई, छत्री पडलीये. आई, नळ चालू आहे. कुणाची, कुणी, काही नाही. मी आता व्याकरणातून पुरताच गेलो होतो. स्पर्धेच्या दिवशी ती नेहमीच्या वेळी शाळेत गेली आणि नेहमीच्या वेळी आली. त्या दिवशी कारखान्यात मी कड घेताना तीन वेळा चुकलो.

मिस्त्रींना सगळं सांगितलं तर ते आधी हसून हसून करवतीशेजारच्या स्टुलावर बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "अहो पट्टीवाले, आपण तुकडे वेगळे ठेवतो कारण माल जिन्यातून न्यायचा असतो. ज्याला कुठे जायचंच नाही त्याला कशाला मधली पट्टी?" ते बागेबद्दलच बोलत होते बहुधा. पण मला माझं टेबल आठवलं. दोन वर्षांपूर्वी जिना चढून आलेलं, आता कुठेही न जाणारं टेबल. मधे दोन पट्ट्या आणि फट.

रविवारी सकाळी पोरगी मैत्रिणीकडे गेली होती. मी टेबलावरची पुस्तकं खाली ठेवली, बोल्ट काढले आणि दोन्ही तुकडे वेगळे केले. फटीतून काय काय सांडलं जमिनीवर. पेन्सिलीच्या साली, खोडरबरचा चुरा, तुटलेल्या शिसांचे तुकडे, एक मणी. चांगली मूठभर. मी उकिडवा बसून ते बघत राहिलो. ओट्यावर खोडरबरचा चुरा पडत नाही. म्हणजे ती या टेबलावर बसत होती. रोज, माझी पाळी सुटेपर्यंत. मी यायच्या आधी सगळं आवरून स्वयंपाकघरात जात होती. मला रडू आलं, उगाच खोटं कशाला बोलू. बायको दारातून बघून गेली.

पट्टी काढायची तर डिंक तापवावा लागतो. घरी आहे कपड्यांची इस्त्री, तीच घेतली. चौकोनी तुकड्याच्या आतल्या बाजूवर इस्त्री फिरवायची, पट्टी सैल झाली की सुरीने उचलायची आणि ओढत जायचं. ही गेली, ती गेली. डोळे भरलेले, हात सवयीचा. आतली बाजू संपली, कोपरा आला आणि हात न थांबता कोपऱ्यावरून बाहेरच्या बाजूला वळला. मी बाहेरची चांगली पट्टीसुद्धा उपटायला लागलो.

"अरे, बाहेरची कशाला काढतोस! फक्त मधली काढ!"

मी वर पाहिलं. पोरगी दारात, एक पाय चपलेत, एक बाहेर. तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काढतोस. काढ. मी ते दोन शब्द मनात पुन्हा मोजले. दोन्ही एकेरी. हातातली इस्त्री टेबलावर कधी टेकली ते कळलंच नाही. मी नुसता बघत बसलो, ती माझ्याकडे, मी तिच्याकडे.

"इस्त्री!" ती किंचाळली. "इस्त्री उचल ना!"

मी इस्त्री उचलली. टेबलावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग उमटला होता, मागे सरळ आणि दोन्ही बाजूंनी गोल होत टोकाला गेलेला. बावीस वर्षांत माझ्या हातून माल जळला नव्हता. बायको पदर तोंडाला लावून दारात उभी होती. ती हसत होती की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

मग पोरीने दुसरी चप्पल काढली, बाह्या वर केल्या आणि समोर येऊन बसली. अर्धगोलाची आतली पट्टी तिने काढली, कोपऱ्याला थांबून. आम्ही डिंक लावला, तुकडे जोडले, दोन बाजूंनी दोघांनी दाबून धरले. सुकेपर्यंत अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ती एवढंच म्हणाली, की डागावर ती दौतीसारखी पाण्याची बाटली ठेवेल. फट गेली. हात फिरवला तर रेघ बोटाला लागत नाही, डोळे बारीक करून पाहिलं तर दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धास्तावूनच उठलो. आदल्या दिवशी घाबरून निघालेला शब्द रात्रीत परत गेला असेल, असं वाटत होतं. पोरगी नव्या प्रश्नांचा कागद घेऊन त्या टेबलाशी बसली होती, मी घरात असताना. तिने मान वर न करता विचारलं,

"तुम्ही दोरी कुठे ठेवलीस?"

तुम्ही, ठेवलीस. अर्धं वाक्य तिकडचं, अर्धं इकडचं. वर्गात भाषेच्या तासाला असं लिहिलं असतं तर लाल फुली बसली असती. पण मी आता मुलांना शिकवायचं सोडलंय. मी दोरी आणून दिली.